तिसऱ्या नळीतलं पाणी

मायला हे सांगितलं नाही. ती गेली तेव्हाही नाही. मॅडमला तर नाहीच. एकटी असताना स्वतःशी बोलायची मला सवय आहे, पण बोलत बोलत या जागेपाशी आले की मी दुसरीकडंच वळते — भाजी काय आणायची, गॅस कधी संपणार. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाही. तरी सांगते.

आधी मी कोण ते. मी भोकरजवळच्या खेड्यातली. आठवीत होते तेव्हा लग्न ठरलं, शाळा सुटली. पुढं काही वर्षांनी नवऱ्याचं घरही सुटलं. एसटीनं नांदेड, नांदेडहून लातूर — हातात एक पिशवी. लातूरला लोकांची पोरं डॉक्टर व्हायला येतात, मी भांडी घासायला आले. मुलींच्या वसतिगृहाच्या मेसमध्ये. तिथं वाघमारे मॅडम जेवायला यायच्या. शेजारच्याच संस्थेत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवायच्या. एक दिवस ताट घेता घेता म्हणाल्या, "सुमन, तुझे ग्लास बघ किती लख्ख असतात. माझ्या लॅबमध्ये ये. तिथं असे हात पाहिजेत."

मी म्हटलं, मॅडम, मी आठवी नापाससुद्धा न्हाई, आठवी अर्धीच हाय. त्या हसल्या. "काच धुवायला मार्कशीट लागत नाही." पण संस्थेला लागत होती. तेव्हा मॅडमनी संस्थेच्या साहेबांना सांगितलं, ही बाई माझ्या शब्दावर घ्या. त्यांच्या शब्दावर मी तिथं लागले. हे मी मुद्दाम सांगते. का, ते पुढं कळेल.

जीवशास्त्राला आलेल्या पोरांना मॅडम पहिला महिनाभर ना पान दाखवायच्या ना बेडूक. नुसतं रसायनशास्त्र. पोरं कुरकुरायची. मॅडम म्हणायच्या, "पेशीत बघायला गेलात तर आधी पाणीच भेटणार आहे. पाणी कळलं नाही तर पुढचं काय कळणार तुम्हाला?" मी मागं स्टुलावर बसून ऐकायचे. मीठ पाण्यात टाकलं की ते फुटतं — सोडियम वेगळा, क्लोराइड वेगळा, एकावर धन भार, एकावर ऋण. साखर फुटत नाही, तिचा कण अख्खा राहतो, नुसता पाण्यात मिसळतो. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल का होतो, हे मला तिशी ओलांडल्यावर कळलं. त्या दिवशी खोलीवर जाऊन मी एका फडक्याला हळद लावली, वर साबण फासला. लाल. लिंबू पिळलं. परत पिवळं. पुन्हा साबण. एकटीच हसत बसले होते. इतकी वर्षं माझ्याच हातात होतं हे, आणि कुणी सांगितलं नव्हतं.

सुट्टीच्या वेळात मॅडम मला वेगळं शिकवायच्या. सामू म्हणजे काय, आम्ल पाण्यात कसं ओतायचं आणि पाणी आम्लात का नाही ओतायचं, द्रावण कसं करायचं. माझ्यावर उपकार कुणी केले असं विचारलं तर मी एकच नाव घेईन. अजूनही घेईन. आणि त्यांनी शिकवलेलंच मी —

थांबा. क्रमानं सांगते.

त्या वर्षी माय माझ्याकडं येऊन राहिली. तिचे दात गेलेले. वरणभात तेवढा तिला जमायचा. आणि आमच्या गल्लीला तेव्हा बोअरचंच पाणी, नळ कधीतरी आठ-दहा दिवसाला. बोअरचं पाणी जड. त्यात दाळ शिजत नाही. कुकरच्या किती शिट्ट्या काढा, तूर बोटाखाली खड्यासारखीच लागायची. माय तोंडातून एकेक दाणा काढून ताटाच्या कडेला ठेवायची आणि म्हणायची, "सुमे, तुमच्या लातुरात दाळ खातेत का दगडं? गावाकडं आपल्या विहिरीचं पाणी घातलं की एका उकळीत मेण होतंय."

मी मॅडमला विचारलं, असं का. त्यांनी समजावलं — जड पाण्यात कॅल्शियम असतो, तो दाळीच्या कणांना धरून बसतो, सुटू देत नाही. मग हसून म्हणाल्या, आपल्या डिस्टिल्ड पाण्यात बघ कशी शिजेल.

त्या गमतीनं बोलल्या होत्या. मी गमतीत घेतलं नाही.

लॅबमध्ये डिस्टिल्ड पाण्याचा मोठा डबा असायचा, वीस लिटरचा, पंधरा दिवसाला एक यायचा. मी संध्याकाळी जाताना त्यातलं दोन लिटर बाटलीत घ्यायचे. त्या पाण्यात दाळ लोण्यासारखी झाली. मायनं वाटीभर भात खाल्ला, वरून वाटी चाटली. तुम्ही असता तर दुसऱ्या दिवशी बाटली भरली नसती? — नाही, हे विचारायचा मला हक्क नाही. तुम्ही तिथं नव्हता. मी होते.

डबा लवकर उतरला तर मॅडम विचारतील. म्हणून जेवढं घेतलं तेवढं मी बोअरचं पाणी वरून भरायचे. रोज दोन लिटर काढायचं, रोज दोन लिटर भरायचं. आठ-दहा दिवसांत तो डबा नावालाच डिस्टिल्ड राहायचा; दाळ परत कडक लागली की नवा डबा येईपर्यंत मी थांबायचे. माझ्या लक्षात आलं नाही असं म्हणू का? पाण्यात काय विरघळतं, ते डोळ्याला दिसत नसलं तरी असतं — हे मला माझ्या मॅडमनीच शिकवलं होतं. मला ठाऊक होतं. ठाऊक असून भरत होते. स्वतःला सांगायचे, पोरं नळ्या विसळतात, पानं भिजवतात, त्याला काय होतंय.

वर्षाच्या शेवटी संस्था अकरावीच्या पोरांची एक परीक्षा घ्यायची. त्यातून बारा जणांना पुढचं वर्ष बिनफीचं. बाकीची पोरं पैसे भरून राहायची, नाहीतर जायची. त्या बॅचमध्ये लातूरजवळच्या मुरुडची एक पोरगी होती, प्रतीक्षा. शेतकऱ्याघरची. बारीक, काटक, केसाला तेल चोपडलेलं. मैत्रिणी तिला "इन्स्पेक्टर" म्हणायच्या, कारण ती प्रत्येक गोष्ट डोळ्याजवळ धरून बघायची. मला एकदा म्हणाली होती, "मावशी, या बारात आले न्हाई तर बाबा घरी घेऊन जाणार. मग संपलंच." रडत नव्हती, बसचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं तिनं.

प्रात्यक्षिकाचा एक प्रश्न सोपा होता. तीन नळ्या. एकीत मिठाचं पाणी, एकीत साखरेचं, तिसरीत नुसतं डिस्टिल्ड. तिन्हीत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकायचे आणि काय दिसलं ते लिहायचं. क्लोराइड असेल तिथं दह्यासारखं पांढरं होतं, नसेल तिथं पाणी स्वच्छ राहतं. म्हणजे पहिलीत पांढरं, बाकी दोन स्वच्छ. सिल्व्हर नायट्रेटची बाटली महागाची, वर्षातून एकदाच निघायची. म्हणून तोवर माझं काही उघडं पडलं नव्हतं.

द्रावणं मी केली होती. त्याच डब्यातल्या पाण्यात.

पहिल्या रांगेतल्या पोरानं थेंब टाकले आणि तिसरी नळी दुधाळ झाली. मी लांबून बघितलं. साखरेचीही दुधाळ. पुढच्या पोराची, त्याच्या पुढच्याची — सगळ्यांचीच. मिठाची जास्त घट्ट, पण पांढऱ्या तिन्ही. मी वाट बघत उभी राहिले, आता कुणीतरी ओरडणार, मॅडम हे बघा.

कुणी ओरडलं नाही. पोरं एकमेकांकडं बघत होती. मी नळ्या गोळा करत फिरत होते तेव्हा एका पोराचं कुजबुजणं ऐकू आलं, "अरे पुस्तकात स्वच्छ लिहिलंय ना? मग स्वच्छ लिही. तू कशाला डोकं लावून राहिलास?" सगळ्यांनी पुस्तकात होतं ते लिहिलं. मी नळ्या घेत गेले, ओतत गेले, धूत गेले. इतक्या भराभर मी कधीच नळ्या धुतल्या नाहीत. मॅडम पुढं टेबलावर तोंडी घेत होत्या, त्यांनी एकही नळी बघितली नाही.

प्रतीक्षानं मात्र दिसलं ते लिहिलं. तिन्ही नळ्यांत पांढरं, पहिलीत सर्वांत जास्त. खाली एक ओळ जास्तीची — तिसऱ्या नळीतलं पाणी शुद्ध नसावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडमनी तिला लॅबमध्ये बोलावलं. मी बेसिनपाशी होते. मॅडम चिडल्या नव्हत्या, त्यांना वाईट वाटलं होतं, ते जास्त वाईट. "सगळ्या बॅचला स्वच्छ दिसलं, तुलाच कसं पांढरं दिसलं? नळी धुतली नव्हतीस?"

"धुतली होती मॅडम. याच पाण्यानं."

मॅडम माझ्याकडं वळल्या. "सुमन, नळ्या नीट होत्या ना? पाणी?"

बघा, इथं एक क्षण होता. लहान नव्हता. मला सगळं बोलता आलं असतं — मॅडम, डबा मी भरला, बोअरचा. मला नोकरी दिसली, गावाकडं परत जाणारी एसटी दिसली, मायचं ताट दिसलं. आणि मॅडमनी साहेबांपुढं दिलेला शब्द दिसला. तो मोडला तर त्यांची मान खाली जाईल, असंही वाटलं. हे शेवटचं मी पुष्कळ वर्षं स्वतःला मोठं करून सांगत आले. ते मोठं नव्हतं. भीती मोठी होती.

मी नुसती गप्प राहिले असते तरी एक वेळ. "हाव, पाणी बरोबर होतं" एवढंच म्हटलं असतं तरी. पण मी त्याच्याही पुढं गेले. मॅडमनी पोरांना दहादा सांगितलेलं मला पाठ होतं — नळीच्या तोंडाला अंगठा लावून हलवू नका, घामात मीठ असतं, क्लोराइड येतो. ते मला कळलेलं होतं, नीट कळलेलं. आणि मी म्हटलं, "मॅडम, हिनं अंगठा लावून हलवल्या नळ्या. म्या बघितलं."

कसं चपखल बसलं ते. तिन्ही नळ्या का पांढऱ्या झाल्या त्याचं उत्तर मिळालं. मॅडमच्या चेहऱ्यावर — हे सांगायला जड जातं — थोडं कौतुकही होतं. आठवी अर्धी राहिलेल्या बाईला क्लोराइड कुठून आला ते सांगता आलं, याचं.

प्रतीक्षानं आपल्या उजव्या हाताकडं बघितलं. अंगठा उलटा करून बघितला. म्हणाली, "न्हाई लावला मॅडम." मग परत अंगठ्याकडं बघून, "लागला असंल तर माहीत न्हाई."

मॅडम म्हणाल्या, "चूक होते, बाळ. पण आपली चूक झाकायला पाण्याला नाव ठेवू नये." त्या प्रश्नाला शून्य मिळालं. यादी लागली तेव्हा ती तेरावी होती.

इथपर्यंत कदाचित तुम्ही म्हणाल, घाबरली असेल बाई. मीही तसंच म्हणत आले. म्हणून आता राहिलेलं सांगते. याच्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं, आणि याच्यापाशीच दरवेळी वळत होते.

चार दिवसांनी तिचे बाबा तिला न्यायला आले. सकाळची वेळ, ट्रंक ऑटोत ठेवून झालेली. ती लॅबमध्ये आली. मी एकटीच होते. मॅडम नव्हत्या, साहेब नव्हते, दारात कुणी नव्हतं. मला वाटलं पाया पडायला आली. ती पाया पडली नाही. म्हणाली, "मावशी, एक विचारू? रागावू नका. तुम्ही खरंच मला अंगठा लावताना बघितलं का? मला आठवतच न्हाई. मी रोज आठवून बघायलेय."

तिच्या आवाजात आरोप नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. यादी लागून गेली होती, ट्रंक बाहेर ऑटोत होती, "नाही" म्हटलं असतं तर माझं काय जाणार होतं? तिच्या शब्दावर कुणी विश्वास ठेवला असता? मला ते तेव्हाही कळत होतं. भीतीचं कारण त्या खोलीत नव्हतं.

मी म्हटलं, "हाव. बघितलं."

तिनं मान हलवली. "मग ठीक हाय," म्हणाली. "मला वाटलं माझ्या डोळ्याला बरोबर दिसलं होतं." आणि गेली.

मॅडम पुढं नांदेडला बदलून गेल्या. दिवाळीला फोन करतात, माय गेली तेव्हा भोकरला आल्या होत्या. मी अजून लॅबमध्येच आहे. प्रतीक्षाचं पुढं काय झालं मला ठाऊक नाही. मुरुड काही लांब नाही. तासाभराचा रस्ता. मी कधी गेले नाही, कधी कुणाला विचारलं नाही.

तिनं अंगठा लावला नव्हता. तिला जे दिसलं ते नळीत होतं. पाणी बोअरचं होतं, ते मी भरलं होतं.