कोपरांचं कापड

माझ्या मावशीला घरात सगळे चिंधी म्हणायचे. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, गणवेश शिवायचे. शाळांचे, पहारेकऱ्यांचे, बँडवाल्यांचे. दुकान इतकं अरुंद की आत जायचं तर मशीनवर बसलेल्या माणसाला आधी उठवावं लागे. मावशीची जागा कापायच्या टेबलाखाली. वरून पडणाऱ्या चिंध्या ती गोळा करायची आणि फिक्यापासून गडदपर्यंत लावत बसायची. माझी आई मोठी. ती वर उजेडात बसून गणितं सोडवायची. "एकीला आकडे कळतात, एकीला चिंध्या," असं आजोबा गिऱ्हाइकांना सांगायचे. यात कौतुक कुणाचं आणि थट्टा कुणाची, हे दोघी बहिणींना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

मोठी झाल्यावर मावशी कपड्यांच्या एका दुकानात ऑल्टरेशनला लागली. दुकान वर झगमगीत, आणि ही तळघरात, एका पिवळ्या दिव्याखाली, लोकांच्या पँटी आखूड करत असायची. कलाकार वगैरे शब्द तिच्या आसपासही फिरकत नव्हते.

मावशीचे यजमान, आमचे काका, छापखान्यात प्रूफं तपासायचे. दिवसभर टेबलावर उजवं कोपर टेकवून बसायचे, त्यामुळे त्यांच्या शर्टाची कॉलर नवी, कफ नवे आणि उजवं कोपर मात्र जाळीसारखं विरलेलं. मावशी ठिगळ लावता लावता म्हणायची, "तुम्ही नुसती एक बाही घालून गेलात तरी चालेल. बाकीचा शर्ट तुमच्याबरोबर फुकटच हिंडतो." काका तिला ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दाखवायचे, ती त्यांना सुटलेली बटणं दाखवायची. मूलबाळ नव्हतं. दोघांचं बरं चाललं होतं.

काका एका दुपारी छापखान्यातच गेले. खुर्चीत बसल्या बसल्या. समोरचं प्रूफ अर्धं तपासून झालं होतं.

आई बहिणीच्या सोबतीला जाऊन राहिली. मावशी औषध घेऊन झोपली असताना आईने काकांचं कपाट रिकामं केलं आणि सगळे कपडे गठ्ठ्यात बांधून देऊन टाकले. समोर दिसले तर हिला त्रास होईल, हाच तिचा हेतू होता. मावशी उठली, कपाट उघडलं, ओळीने टांगलेले रिकामे हँगर बघत उभी राहिली.

"हे तरी कशाला ठेवलेस?" एवढंच ती म्हणाली.

एक शर्ट वाचला होता, कारण तो तळघरात ठिगळाची वाट बघत पडला होता. पांढऱ्यावर बारीक निळ्या रेघा, आणि उजव्या कोपरापाशी शाईचा डाग. बाकीचे शोधायला मावशी जुन्या कपड्यांच्या बाजारात जायला लागली. सुट्टीच्या दिवशी सकाळी जायची, ढिगारे उपसायची, बाह्या उलट्या करून बघायची. काकांचा एकही शर्ट तिला कधी मिळाला नाही. पण बघता बघता तिला दुसरंच काहीतरी दिसायला लागलं. कुणाचं डावं कोपर झिजलेलं, कुणाची दोन्ही. कुणी वरून चामडं लावलेलं, कुणी रफू केलेलं, कुणी नुसतंच चिमटून टाका मारलेला. माणूस कशाला टेकून जगला ते तिथे उमटलेलं असे. ती ती कोपरं कापून घरी आणायला लागली.

मी तेव्हा शिकायला तिच्याकडे राहायला आले होते. जेवायच्या टेबलावर कोपरं, पलंगावर कोपरं. एका जुन्या चादरीवर ती धावदोऱ्याने एकेक टाचत होती. मी विचारलं, "मावशी, हे काय होणार आहे?"

"माहीत नाही गं. पण हात थांबवला की घरात फार शांत होतं."

दुकानातल्या काचेमागे पुतळे सजवणारा एक माणूस होता. त्याने ते कापड पाहिलं आणि आपल्या ओळखीने चित्रकलेच्या शाळेतल्या व्हरांड्यात टांगलं. तिथून सुरू झालं. पुढची कित्येक वर्षं मावशी तळघरातली नोकरी सांभाळून कापडं करत राहिली. कॉलरींचं एक, गुडघ्यांचं एक. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची एक खोली तिने कामासाठी घेतली. खिडकी मोठी, पण खालून सतत चाकं ठोकल्याचा आवाज. कापड टांगायचं कसं, भिंतीपासून किती पुढे ठेवायचं, दिवा कुठून सोडायचा, हे ती स्वतःच शिकली. लोक तिला ताई म्हणायला लागले, नंतर बाई.

मग तिने सगळ्यात मोठं कापड केलं. पुन्हा कोपरांचंच, पण या वेळी खाली चादर न घेता कोपराला कोपर जोडत, एक आख्खी भिंत भरेल असं. गोदामाचं प्रदर्शनगृह केलेली एक जागा होती, तिथे ते लागलं. तिथल्या व्यवस्थापकांनी खाली कार्ड लावलं, त्यावर छापलं होतं "कोपरे". अर्धे लोक कापडाच्या चार कोपऱ्यांत काय आहे ते वाकून वाकून बघत होते. "हे असते तर असं छापलं गेलं नसतं," मावशी म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी मोकळं हसली. कापडात खालच्या अंगाला, कडेजवळ, शाईचा डाग पडलेलं ते रेघांचं कोपरही होतं; काकांच्या त्या शर्टाचं आता तेवढंच उरलं होतं. हे तिच्याखेरीज फक्त मला ठाऊक होतं. एका मोठ्या संग्रहालयाने ते आख्खं कापड आपल्याकडे कायमचं ठेवायचं ठरवलं होतं. मावशीच्या कामाला एवढा मान कधी मिळाला नव्हता.

तिथे एक बाई आली. साधारण मावशीच्याच वयाची, अंगावर बस डेपोच्या सफाई कामगारांचा खाकी कोट. ती सरळ चालत आली आणि एका जागी थांबली. बराच वेळ हलली नाही. मग कुणीतरी तिला मावशी दाखवली, तशी जवळ आली.

"ताई, हे कुठून आणलंत?"

"कोणतं?"

"ते निळं. हिरव्या दोऱ्याने रफू केलेलं."

"बाजारातून. का हो?"

"माझ्या मुलाचं आहे. निळा दोरा मध्येच संपला म्हणून मी पुढे हिरवा घेतला. तो चिडला होता माझ्यावर. म्हणाला, कामावर सगळे हसतील. तरी घालून गेला."

तो बंदरावर माल उतरवायच्या कामाला होता. एक दिवस साखळी तुटली आणि तो गेला. ही त्याची आई तेव्हा इस्पितळात, तापात. ती बरी होऊन घरी येईपर्यंत सुनेने घर आवरून माहेर गाठलं होतं, आणि कपडे कुठे गेले ते विचारायला कुणी उरलं नव्हतं.

"मला ते मिळेल का?" बाईने विचारलं.

मावशीने कापडाकडे पाहिलं. मग म्हणाली, "एक काढलं तर आजूबाजूची सैल पडतात. सगळी वीणच तशी आहे. आता नाही काढता येणार."

"बरं," बाई म्हणाली. वाद घातला नाही, आवाजही चढवला नाही.

ती रोज यायला लागली. कामाची पाळी संपली की यायची, त्या जागी उभी राहायची, निघून जायची. ती आली की मावशी मागच्या ऑफिसात जाऊन बसे. मी एकदा म्हटलं, "तू तिला टाळतेस."

"टाळते," ती म्हणाली. "मी बाजारात इतकी वर्षं काय शोधत होते, तुला माहीत आहे ना? मला मिळालं नाही. तिला मिळालं, तर मी वीण सांगत बसले."

तरी ती उठली नाही. कामाचा मोह असतो, आणि तो मावशीलाही होता. हे मी तिची बाजू घेऊन लिहीत नाही, होतं तसं लिहिते आहे.

मग ती बाई यायची थांबली. चारसहा दिवस गेले. मावशी दारापाशी खुर्ची टाकून बसायला लागली, कुणी खाकी कोटातलं आलं की अर्धवट उठायची. शेवटी एका सकाळी म्हणाली, "चल, डेपोत जाऊन येऊ."

डेपोच्या मागच्या अंगणात ती बाई बसमधल्या सीटांची कव्हरं धूत होती. मोठ्या हौदात उतरून ती कव्हरं तुडवत होती, आणि भोवती ओली कव्हरं दोऱ्यांवर वाळत घातली होती. मावशी हौदाच्या कडेला बसली.

"तुम्ही येत का नाही?"

"पहारेकरी रागावला. मी हात लावला होता. बोर्डावर लिहिलंय म्हणे, हात लावू नये."

मावशी पुढे सरकली. तिने बाईचा हात धरला, ओला, साबणाचा. म्हणाली, "पाय पुसा आणि चला माझ्याबरोबर."

व्यवस्थापक भले गृहस्थ होते, पण घाबरून मावशीला म्हणाले, "बाई, संग्रहालयाला काय सांगू? त्यांनी पाहिलंय ते हे कापड आहे."

"त्यांना सांगा, मी बदललं."

मावशी शिडीवर चढली. मी शिडी धरली. डेपोतल्या बाईने खालून कापडाचा भार दोन्ही हातांवर तोलून धरला. बारीक टोकाच्या कात्रीने मावशी एकेक टाका तोडत होती, आणि शेजारची कोपरं खरोखरच सैल होऊन लोंबायला लागली होती. ती तिने पुन्हा टाचली, पण मधली जागा रिकामी ठेवली. निळं कोपर बाईच्या हातात दिलं. बाईने ते उलटं केलं, मागचे टाके बघितले आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं.

"घाईत रफू केलं होतं मी," ती म्हणाली. "नीट करायला हवं होतं."

संग्रहालयाने कळवलं की त्या जागी दुसरा तुकडा लावला तर ते कापड घ्यायला तयार आहेत. मावशीने नकार दिला. "तिथे आता कुणाला बसवू?" असं मला म्हणाली. त्यांनीही मग नाद सोडला.

ही गोष्ट पसरली आणि माणसं यायला लागली. कुणाची बहीण गेलेली, कुणाचा बाप. कापडाजवळ येऊन शोधायची. बहुतेकांना काही सापडत नसे, थोडा वेळ बसून ती जात. एक म्हातारे गृहस्थ आले, काठी टेकत. त्यांनी खालच्या बाजूच्या एका तुकड्यावर तळवा ठेवला आणि ठेवूनच राहिले.

"माझ्या भावाचा शर्ट," ते म्हणाले. "कारकून होता. शाई सांडायची खोड होती त्याला."

ते काकांचं कोपर होतं. पांढऱ्यावर निळ्या रेघा. मी तोंड उघडणार तेवढ्यात मावशीने माझ्याकडे पाहिलं. मग ती खाली बसली, कात्री काढली आणि ते उसवलं.  म्हाताऱ्यांनी ते रुमालात गुंडाळलं, काठी काखेत धरून दोन्ही हात जोडले आणि गेले.

घरी येताना मी म्हटलं, "अगं, तुझ्याकडे तेवढंच होतं."

"हो."

"मग खरं का नाही सांगितलंस?"

"तोंडाशी आलं होतं. पण त्यांचा हात बघितलास ना, कसा ठेवला होता?" बरंच अंतर चालून गेल्यावर ती म्हणाली, "चूक केली का गं मी?"   पुढे कितीतरी दिवस ती मधूनच हातातलं काम थांबवून बसायची. तेव्हा ती कशाचा विचार करते आहे ते मला कळायचं.

त्यानंतर तिचं काम बंद पडलं. जुन्या बाजारात गेली तर ढिगाऱ्याला हात लावायचं धाडस होईना. प्रत्येक बाही कुणाची तरी वाटायची. सायकलवाल्याच्या डोक्यावरची ती खोली महिनोन्महिने बंद राहिली. मी नोकरीला लागले होते, आठवड्यातून एकदा तिच्या घरी जायची; बघावं तर ही खिडकीत बसलेली, मांडीवर हात ठेवून.

डेपोतली बाई मधूनमधून यायची. तिलाही घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. एकदा ती जिन्यावरून धापा टाकत आली ती पाठीवर हे एवढं गाठोडं घेऊन. बसच्या सीटांची जीर्ण झालेली कव्हरं, डेपोने टाकून दिलेली.

"यांचं काय करू मी?" मावशीने विचारलं.

"बघा तर खरं. हे काही कुणा एकाचं नाही. मागायला कोण येणार? आणि यावर कोण बसलं नाही, सांगा."

मावशीने एक कव्हर उलगडून खिडकीपाशी धरलं. बसायच्या जागी रंग उडून गेला होता, दोन बाजूंना मूळचा तांबडा शिल्लक. पाठ टेकायच्या जागी डोक्याच्या तेलाचा वर्तुळासारखा डाग. तिने त्या डागावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "सुया त्या डब्यात आहेत. बसा."

खोली पुन्हा उघडली आणि त्या दोघींनी तिथे सात-आठ वर्षं काम केलं. बाई आधी फक्त धुवायची, मग उसवायला लागली, मग शिवायला. तिचा टाका मोठा आणि तिरका होता. मावशीने तो कधी सुधारला नाही. भांडणंही व्हायची, विशेषतः रंगांवरून. बाईला सगळं भडक हवं असे. "तुझ्या हातात दिलं तर सर्कशीचा तंबू होईल," मावशी म्हणायची. तोपर्यंत अहो-जाहो गळून पडलं होतं.

सीटांच्या कव्हरांचं पहिलं कापड त्याच गोदामात लागलं. वार्ताहर मुलीने बाईला विचारलं, "तुम्ही यांच्या मदतनीस का?"

बाई गोंधळली. मावशीच म्हणाली, "तिच्यामुळे मी पुन्हा सुई धरली. काय लिहायचं ते तुम्ही लिहा." कार्डावर दोघींची नावं होती, आणि या वेळी छापण्याआधी ते मी तपासलं होतं.

शेवटी मावशीच्या बोटांची पेरं सुजून आली. सुई धरवेना, तेव्हा ती नुसती समोर बसून कुठला तुकडा कुठे लावायचा ते सांगायची आणि बाई तिचं न ऐकता लावायची. गेल्या हिवाळ्यात मावशी गेली. इस्पितळात चादरीची कड चाचपून बघत होती, शिवण कुठे उसवली आहे ते मला दाखवत होती.

तिचे कपडे मी अजून कुणाला दिलेले नाहीत. आईनेही विचारलेलं नाही.

खोली मी सोडली नाही. तिथली किल्ली बाईकडे असते. आता डेपोतली पाळी नसते, त्यामुळे ती सकाळीच येते आणि ऊन खिडकीतून सरकेपर्यंत शिवत बसते. परवा मी गेले तेव्हा तिच्या मांडीवर एक नवीन तुकडा होता, चांगलाच भडक, नारिंगी. हे काय चाललंय म्हणून मी विचारलं, तर तिने तो पदराखाली घेतला.

"झाल्यावर दाखवीन," ती म्हणाली. "आत्ताच विचारू नकोस. आणि जरा तो दोरा ओवून दे, मला दिसत नाहीये."