रामलिंगआप्पांनी निवडलेला हेडसेट

लातूरच्या एमआयडीसीत रामलिंगआप्पांची दालमिल आहे आणि मिलच्या भिंतीला भिंत लावून त्यांचं घर. सकाळी मोटार सुरू झाली की घरातली भांडी मांडणीवर थरथरायला लागतात आणि संध्याकाळी ती बंद झाली की घरच्यांना काहीतरी बिघडल्यासारखं वाटतं. या घरघरीत सारं आयुष्य गेल्यामुळं आप्पांचा आवाज मोठा झाला होता आणि कान लहान. ते फोनवर बोलायला लागले की, यांना फोन कशाला लागतो, असं शेजारचा ऑइलमिलवाला विचारायचा.

आपल्याला कमी ऐकू येतं हे मात्र आप्पांना साफ नामंजूर होतं. त्यांचं निदान वेगळं होतं. "आजकालच्या माणसाच्या अंगात दमच न्हाई. तोंडातल्या तोंडात बोलायलेत. वरण खात न्हाईत, दुसरं काय!"

शिवाय या कानांची सोयही होती. गणपतीच्या वर्गणीवाल्यांचं आप्पांना एक अक्षर ऐकू येत नसे. पण तुरीचा भाव वाढला, एवढं कुणी रस्त्यापलीकडून पुटपुटलं तरी ते वळून बघायचे.

पोराला डॉक्टर करायचं म्हणून लोक कुठून कुठून लातुरात येऊन खोल्या भाड्यानं घेतात. खुद्द लातूरच्या आप्पांची तनुजा मात्र विमान चालवायला गेली. सुरुवातीला आप्पांना जरा खाली बघायची पाळी आली होती, पण तिला विमान कंपनीत नोकरी लागली आणि आप्पांची मान जी वर झाली ती आभाळाकडेच. आडतीवर बसलं की एक किस्सा ठरलेला. "पोरीनं शिकताना फोन केला मला. पहिल्यांदा एकटीनं इमान उडवलं म्हणली. रडत होती हो आनंदानं! मी म्हणलं, लई छान! आन् त्याच दिवशी अख्ख्या मार्केटला पेढे वाटले." हा किस्सा हमालांना इतका पाठ होता की आप्पा दम घ्यायला थांबले तर पुढचं वाक्य ते पुरवत.

यंदा तनुजा चार दिवसांच्या सुट्टीवर आली. तिला आणायला आप्पा नांदेडच्या विमानतळावर गेले. परतीच्या वाटेवर तिनं पिशवीतून दोन डबे काढले.

"आप्पा, मला हेडसेट घ्यायचाय. कानाला लावायचा. विमानात कंपनीचा असतो, पण तो दहा जणांचा. जड आहे, चष्म्याची काडी कानामागं रुतते, आणि घरघर तर तशीच डोक्यात शिरते. कंपनीला चालतात असे दोन मागून आणलेत. एक आमच्या विशाखा कॅप्टनचा, एक माझ्या बरोबरीच्या अंबरीशचा. वापरून बघते आणि एक घेते."

"दोन्ही घे!" आप्पा ओरडले.

"दोन कशाला? कान दोनच आहेत, आप्पा."

तिनं त्यांना समजावलं. विशाखा मॅडमचा होता तो मोठा, अख्खा कान झाकणारा, उशीसारखा. अंबरीशचा हलका, कानावर नुसता टेकणारा. दोन्हींत बारीक माइक असतो, तो बाहेरची घरघर ऐकतो आणि यंत्र तिच्या नेमका उलटा आवाज काढतं, मग दोन्ही आवाज एकमेकांना खाऊन टाकतात. आप्पांना एवढंच कळलं की एका आवाजावर दुसरा आवाज सोडला की शांतता होते. हे त्यांना पटलं. घरात ते हाच प्रयोग गेली कित्येक वर्षं करत आले होते.

"मोठाच घे," त्यांनी निकाल दिला. "वस्तू जड पाहिजे. हलक्या पोत्यात भुसा असतो."

"असं नुसतं बघून कळत नाही. घरघरीत लावून बघावं लागतं."

"मंग घरघरीला काय तोटा हाय आपल्याकडं?"

अशा रीतीनं विमानाच्या हेडसेटची परीक्षा दालमिलमध्ये ठरली. दुसऱ्या दिवशी सकाळी चाळण्या, पट्टे, पंखे सगळं जोरात सुरू असताना तनुजानं मोठा हेडसेट वडिलांच्या डोक्यावर चढवला, वायरीवरच्या डबीत बॅटरी घातली आणि बटण दाबलं.

आप्पांचा चेहरा एकदम पडला.

"लाईट गेली!" ते गरजले. "शिवलिंग! लाईट गेली! जनरेटर लाव!"

मुनीम शिवलिंग धावत आला. पट्टे फिरत होते, डाळ पडत होती, आणि मालक चालत्या मशिनकडं बोट दाखवून जनरेटर मागत होते. तनुजा पोत्यावर बसून पोट धरून हसली. बातमी हमालांत पसरायला चहा होईपर्यंतसुद्धा वेळ लागला नाही: आप्पांनी कानाला असं काहीतरी लावलंय की त्यांना आता तोफसुद्धा ऐकू येणार नाही.

मग तिनं त्यांना दुसरा, हलका लावला. घरघर याही वेळी खाली बसली, पण त्या बसलेल्या घरघरीतून माणसांचे आवाज वर आले, धुरळा बसल्यावर झाडं दिसावीत तसे. तनुजा शेजारून साध्या आवाजात म्हणाली, "हा घरघर जरा कमी मारतो, पण शेजारी बसलेला कॅप्टन ऐकू येतो. धोक्याचे भोंगेही ऐकू येतात. कानही घामेजत नाहीत." हे सगळं आप्पांना पहिल्या झटक्यात कळलं. 'काय?' न विचारता. त्यांना स्वतःचंच आश्चर्य वाटलं, पण ते चेहऱ्यावर दिसू न देण्याइतके ते व्यापारी होते.

"याची नीट तपासणी कराय लागंल," ते गंभीरपणे म्हणाले. "राहू दे माझ्याकडं."

आणि हेडसेट डोक्यावर, डबी खिशात, अशा थाटात ते मिलमध्ये हिंडू लागले.

लोकांचा समज पक्का होता: आधीच बहिरा, त्यात कानाला कुलूप. त्यामुळं सगळे मोकळे झाले. औशाचा हणमंतराव तूर घेऊन आला होता. आप्पांच्या पुढ्यात उभा राहून, तोंडभर हसत, तो आपल्या मेव्हण्याला म्हणाला, "वरची पोती वाळल्याली हायेत. खालच्याला हात लावू देऊ नको. म्हातारं आज ठार बहिरं हाय."

"हणमंतराव," आप्पा म्हणाले, "तळातलं पोतं काढा बरं."

हणमंतरावाचं हसू जागच्या जागी वाळलं. खालच्या तुरीत ओल एवढी, की मूठ आवळली तर लाडू वळावा. आप्पा खूश झाले. हे तर वकिलापेक्षा भारी यंत्र!

पण यंत्राला मालकाची बाजू घ्यायची सवय नव्हती. थोड्या वेळानं एक हमाल दुसऱ्याला म्हणाला, "भोंगा कुठं हाय रे?" दुसरा म्हणाला, "भोंगा गोदामात. पोरीला इमान कसं चालवायचं ते शिकवत असंल." 'भोंगा' हा शब्द आप्पांच्या कानावर अधूनमधून आजवरही पडला होता. ते समजत, शिफ्टच्या भोंग्याबद्दल चाललंय.

घरी गेले तर तिथं आणखी एक शोध लागला. बायकोच्या, केवळाबाईंच्या, बोलण्याचे दोन भाग असतात, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. पहिला भाग मोठ्यानं: "अवो, जेवाय चला!" दुसरा देवाला ऐकू जाईल इतपतच: "गिळा एकदाचं आन् व्हा आडवे." पहिला भाग: "भाजी वाढू का अजून?" दुसरा: "म्हणतील आता, मीठ कमी हाय."

आप्पांच्या तोंडात खरोखर तेच वाक्य होतं. त्यांनी ते घासाबरोबर गिळलं आणि म्हणाले, "भाजी झकास झाली."

केवळाबाईंनी दचकून वर बघितलं. मग सावकाश, दुसऱ्या आवाजात म्हणाल्या, "तब्येत बरी न्हाई वाटतं."

जेवण झाल्यावर आप्पा हेडसेट लावूनच पुढच्या खोलीत दिवाणावर आडवे झाले. डोळे मिटले. आता आपली तारीफ चालू होणार, अशी त्यांची खात्री होती. पोरगी आली की आई-लेकी आतल्या दाराशी शेंगा फोडत बसतात आणि घरातल्या थोर माणसाचा विषय निघतोच.

निघालाही.

"तुझ्या बानं काल येतानापण सांगितला का गं पेढ्याचा किस्सा?" केवळाबाईंनी विचारलं.

"सांगितला. वाटेत चहाच्या टपरीवाल्याला. त्यानं विचारलंही नव्हतं." तनुजा हसली. तिनं पुढची शेंग फोडली. "आई, तुला एक सांगू? त्या दिवशी मी एकटीनं विमान उडवलंच नव्हतं. उलट शिकवणाऱ्या सरांचा ओरडा खाऊन खाली आले होते. आप्पांना फोन केला आणि रडत सांगितलं, मला हे जमत नाही, मी घरी येते, न्यायला या."

"आन् मग?"

"मग काय! मागं मिल चालू होती. आप्पा म्हणाले, 'लई छान! शाब्बास!' आणि फोन ठेवला. संध्याकाळपर्यंत अख्ख्या लातुरातून अभिनंदनाचे फोन. पेढे खाऊन झाले होते लोकांचे. आता कुठल्या तोंडानं परत येऊ? राहिले तिथंच. पुढं खरंच एकटीनं उडवलं तेव्हा कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण लातूरच्या हिशेबानं ते आधीच झालेलं होतं."

आप्पांनी डोळे आणखी घट्ट मिटले. केवळाबाई काहीतरी बोलायला लागल्या, "अगं, मला त्याच दिवशी..." आणि नेमकी बॅटरी संपली. मिल भिंतीतून धडाडत आत आली आणि बायकोचं पुढचं बोलणं मिलच्या पट्ट्याखाली गेलं. आप्पा तसेच पडून राहिले. केवळाबाई बराच वेळ बोलत होत्या, हे त्यांना उघड्या पापणीच्या फटीतून दिसत होतं. तनुजानं मान खाली घातली होती. मग तिनं पदराला नाक पुसलं, आईच्याच. उठून विचारावं, तर ऐकत होतो हे कबूल करावं लागणार. आप्पांनी घोरायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हेडसेटच्या तपासणीचं नावही काढलं नाही. तनुजाला घेऊन मुरुडच्या शेताकडं गेले. तिथं घरघर नव्हती. बांधावर उभं राहून, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, ते हळू बोलले.

"पेढे वाटले नसते, तर आली असतीस का गं परत?"

तनुजा गर्रकन त्यांच्याकडं वळली. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुझ्या त्या हलक्या यंत्रानं. बॅटरी हुती तंवर."

ती आधी लाजली, मग रागावली, मग दोन्ही सोडून बांधावर बसली. "आले असते, आप्पा. नक्की आले असते. आणि तुम्ही मला दुसऱ्या दिवशी डॉक्टरकीच्या क्लासला बसवलं असतं."

"व्हय, बसवलं असतं," आप्पांनी प्रामाणिकपणे कबूल केलं. "मंग माझं न ऐकणं बरं झालं म्हणायचं का वाईट?"

"ते मला अजून ठरवता आलं नाही. उड्डाण चांगलं झालं की बरं वाटतं. एखाद्या दिवशी तुमचा राग येतो."

आप्पांनी हातातलं ढेकूळ फोडलं. सांगण्यासारखं त्यांच्याजवळ बरंच होतं, पण त्यातलं एकही वाक्य ओरडून सांगण्याजोगं नव्हतं, आणि दुसऱ्या तऱ्हेनं सांगायची सवय नव्हती.

"हलकाच घे," ते शेवटी म्हणाले. "मोठ्यात नुसती शांतता हाय. हलक्यात माणूस ऐकू येतो."

"मी तोच घेणार होते. चष्म्याला तोच सोसतो."

"तरीपण मी निवडला असं सांगीन मी आडतीवर."

"सांगा. पण एक अट. जायच्या आधी कानाच्या डॉक्टरकडं चलायचं. माझ्यासोबत."

आप्पांनी ऐकू न आल्यासारखं केलं. पण शेतात मिल नव्हती, आणि हे त्यांच्याही लक्षात आलं.

डॉक्टरनं त्यांना काचेच्या खोलीत बसवून बारीक बारीक आवाज ऐकवले आणि कागदावर घसरगुंडीसारखी रेघ काढून दिली. वर्षानुवर्षं मिलच्या आवाजात राहून हे झालं, आता मशीन लावा, असं सांगितलं. आप्पांनी कानामागं बसणारं मशीन घेतलं. तनुजा हेडसेट परत करायला निघून गेली, पुढच्या महिन्यात तिनं स्वतःचा घेतला, आणि आडतीवर नवा किस्सा रुजू झाला: विमान कंपनीनं हेडसेटची परीक्षा आपल्या मिलमध्ये कशी घेतली. पेढ्यांचा किस्सा मात्र बंद पडला. हमालांनी एकदोनदा आठवण करून दिली, तर आप्पा म्हणाले, ती गोष्ट नीट ऐकू आली नव्हती.

मशीन लावल्यावर सहा महिने झाले तरी आप्पांना कुणी मनातलं बोललेलं ऐकू आलेलं नाही. मालकाला ऐकू येतं म्हटल्यावर गावच सभ्य झालं. शिवलिंग आता 'आप्पासाहेब' म्हणतो. हणमंतराव तूर दुसरीकडं घालतो. केवळाबाईंनी दुसरा भाग ओठांतल्या ओठांत न्यायला सुरुवात केली आहे, आणि त्या दुपारी लेकीला काय सांगितलं, ते आप्पांनी तीनदा आडून विचारलं तरी "कवा? मला न्हाई आठवत" एवढंच उत्तर मिळतं.

मशीनमधून मिलचा आवाज इतका कडक लागला, की आप्पांना पहिल्यांदाच कळलं, आत माणसं कशात काम करतात. त्यांनी सगळ्या हमालांना घरघर अडवणाऱ्या, कान झाकायच्या टोप्या आणून दिल्या. हमालांनी त्या मोठ्या आनंदानं घातल्या. तेव्हापासून आप्पांचं एकही काम वेळेवर होत नाही. ते आता हळू आवाजात सांगतात, आणि हमाल कानाकडं बोट दाखवून, हसून, डोलत निघून जातात.