ताईच्या गळ्यातला बंद डबा

आमच्याकडे भाद्रपदात भुलाबाई बसते. पोरी घरोघर गाणी म्हणतात आणि शेवटी घरची बाई झाकणबंद डबा खुळखुळवते. आवाजावरून आतला खाऊ ओळखायचा. तोवर डबा उघडत नाही. या खेळात माझ्या थोरल्या ताईला अख्ख्या मारेगावात तोड नव्हती. आईनं एकदा शेंगदाणे फडक्यात गुंडाळून ठेवले. ताईनं डबा कानाला लावला, मग नाकाला, आणि जाहीर केलं, "मुके शेंगदाणे!" गाण्यातही तीच पुढे. तिचा आवाज लागला की चार घरं पलीकडच्या म्हशी माना वळवत. म्हशींचं मी वाढवून सांगतो आहे, आवाजाचं नाही.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात ती स्कुटीवरून पडली. मान दुखते म्हणून यवतमाळला सीटी स्कॅन केला. हाडं ठणठणीत होती. पण कुणी विचारलं नसताना थायरॉइडमधली एक गाठ तेवढी दिसली. मग सोनोग्राफी झाली.

"अशा गाठी पुष्कळांना असतात, कळतही नाहीत," डॉक्टर म्हणाले. "बहुतेक निरुपद्रवीच असतात. तुमची लहान आहे, दिसायलाही साधी आहे. आत्ता तपासणीची सुईसुद्धा टोचायला नको. वर्षानं पुन्हा पाहू."

मी खूश! बाहेर येऊन आलुबोंडे मागवले. ताईनं हात लावला नाही.

"तुले हसू येऊन राह्यलं?"

"डॉक्टर म्हणाले न, काही नाही म्हणून."

"बहुतेक म्हणाले. बोंडअळीच्या साली आपली बोंडंही बहुतेक चांगलीच दिसत होती. फोडल्यावर काय निघालं?"

"तुह्या गळ्यात कापूस पेरला का, ताई?"

एरवी तिनं मला तिथंच चार शिव्या हासडल्या असत्या. त्या दिवशी नुसता गळा चाचपत बसली. "झोप नाही लागत रे भाऊ. आत काय हाय ते पाहू दे एकदा."

जन्मभर डबे खुळखुळवून ओळखणाऱ्या बाईला हा डबा खुळखुळवता येत नव्हता, आणि बंद ठेवणंही जमत नव्हतं. भावजींनी समजावलं, मी समजावलं, ती ऐकेना. शेवटी नागपूरचा सर्जन ऑपरेशनला तयार झाला. आवाजाची नस गाठीजवळूनच जाते, क्वचित दुखावते, हे त्यानं आधीच सांगितलं.

"जीव राह्यला पाह्यजे," ताई म्हणाली. "आवाजाचं काय लोणचं घालतो?"

गाठ काढून तपासली. कॅन्सर नव्हता. भावजींनी वॉर्डभर पेढे वाटले. ताईनं मला खुणेनं जवळ बोलावलं. "काय निघालं?" कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीतून वारा जावा तसा आवाज.

"काहीच नाही, ताई."

तिनं डोळे मिटले. आवाज येईल, येईल म्हणता म्हणता वर्ष गेलं. आला नाही.

यंदा पोरी तिच्या अंगणात आल्या आणि तिनंच गावं म्हणून हटून बसल्या. ताईनं माझ्याकडे पाहिलं. मग काय! मी माझ्याच डोक्यावर तिचा पदर ओढला आणि मिशांसकट भुलाबाईचं गाणं सुरू केलं. पोरी हसून लोळल्या. ताईही हसली, तिचे खांदे हलत होते. मध्येच मी ओळ विसरलो. ताईनं सांगितली. ऐकू आली नाही. मी ती तिच्या ओठांवरून उचलली आणि जमेल तेवढ्या मोठ्यानं म्हटली.