उतारावर बंद केलेलं इंजिन

वडिलांच्या जुन्या टेम्पोवर आमचं पोट चालायचं, म्हणून डिझेल वाचवायला ते प्रत्येक उतारावर इंजिन बंद करायचे. घरातला पहिला पदवीधर मी; माझ्या पगारातून नवी गाडी आली. गरज नसेल तेव्हा इंजिन आपोआप बंद होतं, असं जाहिरातीत दाखवायचे.

भंडारदऱ्याहून उतरताना वडील चालवत होते. "कंपनीबी आता माझंच ऐकती," म्हणत त्यांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं.

दोनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा झाला. स्टिअरिंगही जड.

"अण्णा, ती सिग्नलला उभी राहिल्यावर बंद होती, पळताना न्हाई. हिच्या ब्रेकला आन् स्टिअरिंगला इंजिनचाच जोर लागतो!"

मागच्या सीटवरून आईची बोटं माझ्या खांद्यात रुतली. वळणापलीकडे दरी होती. मी हँडब्रेक हळूहळू ओढत राहिलो. गाडी डोंगराकडच्या पाण्याच्या चारीत घासत थांबली. आम्ही तिघंही सुखरूप खाली उतरलो.