लग्नाच्या वेबसाइटचं बिल

आमच्या करसल्लागाराच्या ऑफिसातला हा टेंभुर्णीकडचा कारकून. कानावर पेन्सिल, आणि प्रत्येक बिल ओठांतल्या ओठांत वाचायची सवय.

यंदा मी चादरींच्या दुकानाची वेबसाइट करून घेतली. मुलीच्या लग्नाची वेबसाइटही त्याच बिलात घुसवली, दुकानाचा खर्च म्हणून.

त्यानं बिल वाचून कानावरची पेन्सिल काढली.

"शेठ, वेबसाइट बांधायचा खर्च एका वर्षात टाकता येत न्हाय. नवा माग घेतल्यासारखंच हाय ते, दरवर्षी थोडा थोडा घसारा. होस्टिंगचं भाडं तेवढं यंदा सगळं धरतो. आन् ही दुसरी वेबसाइट कसली?"

"तीही दुकानाचीच."

"मी लग्नाला आलतो की! पत्रिका तिच्यावरच बघितली."

मी चिडलो. सल्लागारांना बोलावून तक्रार केली. त्यांनी माझ्यासमोरच त्याला झापलं, नोकरी नको झाली का म्हणून विचारलं. त्यानं मान खाली घातली, पण पेन्सिल पुन्हा कानावर ठेवली.

"साहेब, तुमी लिवा. मी न्हाय लिवणार."

सल्लागारांनीही लिहिलं नाही. मला रात्रभर झोप आली नाही. सकाळी डिझायनरकडून दोन वेगळी बिलं करून घेतली आणि त्याच्यासमोर ठेवली. चुकलो म्हणायचं ठरवून गेलो होतो, पण "ही दोन बिलं" एवढंच म्हणालो.

त्यानं दोन्ही बिलं तशीच ओठांत वाचली. लग्नाचं माझ्या हातात परत दिलं.

"हे घरी ठिवा, शेठ. जेवण लई झकास होतं."