कावळ्याचा निरोप

दुसरबीडला हमरस्त्यालगत शिवमचं पंक्चरचं दुकान आहे आणि दुकानापुढच्या बाकावर त्याची आई शालूबाई बसलेली असते. बासष्ट वर्षांची, काटक, तोंडानं फटकळ. तिच्या दोन गोष्टी अख्ख्या गावाला ठाऊक. पहिली म्हणजे ती रडत नाही. नवरा गेला तेव्हा शिवम तीन वर्षांचा होता. बायाबापड्यांनी तिच्या गळ्यात पडून हंबरडे फोडले, पण हिच्या डोळ्यांत टिपूस नाही. लोक म्हणाले, दगड आहे दगड. म्हणेनात का! त्याच दगडानं त्या साली चार एकर वावर पेरलं, तेव्हा या रडणाऱ्यांपैकी एक माणूस औताला हात लावायला आला नाही. आला तो रोहिणखेडचा थोरला भाऊ, उकंडराव. बैलजोडी टेम्पोत घालून आला, दीड महिना राहिला आणि पेरणी-डवरणी उरकूनच गेला. जाताना नुसतं म्हणाला, "मी हाओ ना व."

दुसरी गोष्ट विश्वंभरसाहेबांची. हे टीव्हीवरचे डिटेक्टिव्ह. उन्हाळ्यात शेवटच्या भागात रेल्वेच्या पुलावरून नदीत पडले, मढं काही सापडलं नाही, फोटोला हार घातला आणि मालिका थांबली. नवा भाग दिवाळीनंतर, अशी पाटी आली. झालं! साहेब मेलेच नाहीत यावर भावाबहिणीचं एकमत होतं. कसे वाचले यावर मात्र रोज साडेसातला, मालिकेच्याच वेळेला, फोनवर भांडण.

"पुलाखालून कापसाच्या गाठीचा ट्रक जाऊन राह्यला होता," उकंडराव सांगायचा. "तो त्याच्यात पडला."

"नदीत ट्रक कुठून आला रे? काही बोलतं!"

शिवमला मोबाइलवर तिसरंच सापडलं होतं. पडला तो कपड्यांचा बाहुला, असं तो म्हणे. शालूबाई दोघांनाही उडवून लावायची. तिनं पाहिलं होतं ते कोणीच पाहिलं नव्हतं. पुलावर चढायच्या आधी साहेबांच्या डोक्यावर कावळा बसला होता, क्षणभरच.

आता कावळा डोक्यावर बसला की मरण मागे लागतं, हे तिकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. त्यावर तोडही एकच. त्या माणसाच्या जवळच्या नातलगाकडं तो मेल्याचा खोटा निरोप धाडायचा. नातलगानं रडायचं, मनापासून. रडणं झालं की दुसरा निरोप जातो, माणूस जिवंत आहे म्हणून. मरण फसतं आणि आल्या वाटेनं निघून जातं. विश्वंभरसाहेबांनी तेच केलं, असं शालूबाईचं म्हणणं.

"मंग परत काऊन नाई आला?" उकंडरावानं एकदा अडवलं.

"येईन कसा? फोटोपुढं सगळे कोरडे ठणठणीत उभे होते. कोणी रडलंच नाई, तं टळन कसं?"

"शाले, तू पोलिसात पाह्यजे होती," म्हणून भाऊ खो खो हसला होता.

त्या सोमवारी संध्याकाळी मात्र त्यानं साहेबांचं नावच काढलं नाही. "आज सोयाबीन सोंगताना कावयानं डोक्यात टोच मारली," म्हणाला.

शालूबाईला हसू फुटलं. "घ्या! आता तूच पड ट्रकमधी."

"हसू नको व. आबाच्या, आपल्या बापाच्या डोक्यावरही बसला होता. आपण निरोप धाडला नाई. पंधरा दिवसांत गेला माणूस."

तिनं विषय उडवला. सत्तरीच्या माणसानं असं काय भ्यावं! पण फोन ठेवताना त्याचा आवाज बारीक झाला होता, तो तिच्या कानात राहिला.

मंगळवारी सकाळी नऊ वाजता फोन वाजला. उकंडरावाची सून, पुष्पांजली. "आत्या... बाबा गेले व."

शालूबाईनं क्षणात ओळखलं. भावानं निरोप धाडला तर! आणि आपल्याला, डिटेक्टिव्हच्या बापाला? ती खदखदून हसली. "हाव का? बरं झालं. त्याले म्हणाव, ट्रकमधून उतर आता खाली."

फोन कट.

"दुसरा फोन येईन पाह्य अर्ध्या घंट्यात," तिनं शिवमला सांगितलं आणि चहा टाकला. अर्धा घंटा गेला. साडेदहा झाले. तिनं भावाला फोन लावला तर बंद. पुष्पांजलीला लावला, वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. टायरात हवा भरणाऱ्या यंत्राचा आवाज तिला सहन होईना.

"माय," शिवम हात पुसत पुढ्यात आला, "मामा खरंच गेला असन तं?"

रात्री छातीत कळ येऊन गेला असेल तर? दुपारनंतर नेतील. भावाचं तोंड दिसायचं नाही. आणि आपण काय केलं? सख्ख्या भावाच्या मरणाच्या बातमीवर दात काढले! सुनेनं काय सांगितलं असेल चार माणसांत?

"गाडी काढ," ती म्हणाली.

सिंदखेडराजा गेलं, देऊळगावराजा गेलं. मोटरसायकलवर मागं बसून शालूबाई सकाळचा तो फोन पुन्हा पुन्हा आठवत होती. 'आत्या' म्हटल्यावर पुष्पांजली थांबली ती कशानं? हुंदका होता, की कोणी शेजारून खुणावत होतं? खोटं सांगायचं तर आवाज इतका ओला कसा? खरं होतं तर ती भांडली का नाही? टीव्हीतल्या माणसाला जिवंत ठेवायला तिला छप्पन्न पुरावे सापडले होते, आणि भावासाठी एक सापडेना. चिखलीला थांबून फोन लावला. बंद. बुलढाण्यात शिवमनं पाणी पुढं केलं, ते तिनं तसंच परत दिलं. राजूर घाटात ट्रकांची रांग लागली होती. "काढ ना बाजूनं! काय पाहून राह्यला?" ती पोराच्या पाठीत बुक्की मारून ओरडली.

रोहिणखेडला पोचले तेव्हा दोन वाजून गेले होते. गल्ली सामसूम. कोपऱ्यावर शेजारचे शंकरराव उभे होते. हा माणूस एरवी लांबूनच 'काय शालूबाई' म्हणून ओरडायचा. आज तिला पाहून त्यानं मान खाली घातली.

"भाऊ कुठी हाय?" तिनं विचारलं.

शंकररावांनी नुसतं घराकडं बघितलं आणि बाजूला झाले. शिवमनं दंड धरला, तो तिनं झटकला आणि एकटी उंबरा ओलांडून आत गेली.

मधल्या खोलीत, भिंतीला टेकून, डोक्याला उपरणं गुंडाळून उकंडराव बसला होता. पुढं जेवणाचं ताट तसंच झाकलेलं. दाराआड पुष्पांजली पदर तोंडाला लावून उभी.

"हसली तू," उकंडराव म्हणाला. ओठ कोरडे पडले होते त्याचे. "माह्या मरणावर हसली. मी बाजूलेच बसलो होतो."

"मंग... मंग दुसरा फोन काऊन नाई केला?"

"रडल्याबिगर खरं सांगता येत नाई. तुले काय ठाव नाई? सगळ्यायले बजावून ठेवलं, शाले रडल्याबिगर कोणी तोंड उघडायचं नाई. सकायपासून मेल्यासारखा बसलो हाओ इथी. पाणी नाई प्यालो." त्याचा आवाज फाटला. "माह्यासाठी रडायले कोणी दुसरं हाय का व?"

शालूबाईनं शिवी द्यायला तोंड उघडलं. चांगली दणदणीत शिवी जिभेवर आली होती, ती आलीच नाही बाहेर. जे बाहेर आलं ते ऐकून शिवम अंगणातून धावत आला. आईचा हा आवाज त्यानं जन्मात ऐकला नव्हता. ती मटकन खाली बसली, भावाच्या गुडघ्यावर डोकं आपटत रडली. भावासाठी रडली, तीस वर्षांमागच्या नवऱ्यासाठी रडली, चार एकर एकटीनं पाहिलेल्या त्या वावरासाठीही रडली. गल्लीतल्या बाया दारात जमल्या. कोणी तिला उठवलं नाही, गप्प कर म्हटलं नाही.

उकंडरावानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग सुनेकडं बघितलं. "आण व पुष्पा पाणी. टळलं."

लोटाभर पाणी तो न थांबता प्याला, मिशा पुसल्या आणि उपरणं सोडून बाजूला ठेवलं. शालूबाईचं रडणं काही थांबत नव्हतं.

"शाले," तो तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "तुह्या त्या साहेबाले बहीण नसन व. नाई तं केव्हाच परत आला असता."