छेरछेराच्या दिवशीची शंभर टक्के हजेरी

सत्यभामाबाई पुसदकरांचा राग कॉलेजात सगळ्यांच्या ओळखीचा होता. रायपूरच्या एका मेडिकल कॉलेजात त्या रोगांची आकडेवारी शिकवत. सर्वेक्षणाला न जाता एखाद्या विद्यार्थ्यानं झाडाखाली बसून फॉर्म भरले, की बाई तो फॉर्म भर वर्गात वर धरून विचारत, "या बाईच्या दाराचा रंग कोणता होता, सांग." विद्यार्थी घामाघूम. मागून त्यांना 'दरवाजा मॅडम' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि, खरं सांगायचं तर, आवडतही होतं.

अशा बाईंकडे एका मार्चमध्ये दिल्लीच्या एका नियतकालिकानं शोधनिबंध तपासायला पाठवला. छापण्याआधी असा कागद कुणा जाणकाराला दाखवतात. लिहिणारा कोण ते त्याला कळत नाही, आणि तपासणारा कोण ते लिहिणाऱ्याला कळत नाही. विषय होता रायपूरजवळच्या उरला या कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका लोखंडाच्या रोलिंग मिलमधल्या कामगारांची फुप्फुसं. चारशे बारा कामगारांना यंत्राच्या नळीत फुंकायला लावलं होतं आणि त्यांचा श्वास शहरातल्या गुढियारी वस्तीच्या रहिवाशांइतकाच चांगला निघाला होता. म्हणजे मिलच्या धुळीनं कुणाचं काही बिघडत नाही. शेवटी शिफारस होती की आजी-माजी कामगारांसाठी चालणारं छातीच्या तपासणीचं मासिक शिबिर बंद करायला हरकत नाही.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुलनेला गुढियारी! तिथल्याच रेल्वेच्या मालधक्क्याच्या धुळीत त्यांचं सगळं बालपण गेलं होतं. दोरीवरचं पांढरं धुणं संध्याकाळी राखाडी व्हायचं. दोन आजारी माणसं शेजारी उभी करायची आणि म्हणायचं, बघा, दोघं सारखेच ठणठणीत.

पण आग लागली होती ती शिबिराच्या ओळीनं. त्यांचा थोरला भाऊ हरिदास उरल्याच्या एका मिलमध्ये एकोणीस वर्षं भट्टीवर होता. वडील गेले तेव्हा बाई बारावीत होत्या. "तू शीक, मी जातो कामाले," एवढं म्हणून तो गेला होता. आता घरातून नळापर्यंत जायचं तर तो मध्ये एकदा टेकतो. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी त्याच शिबिरात त्याला श्वासाचा पंप मिळतो. बहिणीनं विकत आणलेला तो हातात धरत नाही. म्हणतो, माझ्या हक्काचा आहे तो घेईन.

बाईंनी एका बैठकीत सहा पानं लिहिली. 'निर्लज्ज' हा शब्द तीनदा आला. मुलगी देवश्री खांद्यावरून वाचत म्हणाली, "मम्मी, रिव्यू लिखना है, एफआयआर नहीं." बाई तिच्यावरही खेकसल्या, पण पोरीचं बरोबर होतं. शिव्या वाचून संपादक फक्त शिव्या देणाऱ्याचं नाव लक्षात ठेवतो.

मग त्यांनी कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. पटावर चारशे बारा, तपासले चारशे बारा. एकही गैरहजर नाही. तारखा वीस ते बावीस जानेवारी, साल चार वर्षांपूर्वीचं. हे त्यांनी भावाला वाचून दाखवलं, तसा तो खाटेवर उठून बसला.

"सत्या, तेव्हा तं छेरछेरा होता!"

बाईंनी जुनं पंचांग काढलं. एकवीसला पौष पौर्णिमा. नवं धान घरात आलेलं असतं, गावोगाव लोक दारोदार जाऊन धान मागतात आणि देतात. छत्तीसगढी माणूस एक वेळ नोकरी सोडेल, पण त्या दिवशी गाव सोडणार नाही. छेरछेराला उरल्यातल्या शिफ्टा निम्म्या रिकाम्या असतात, हे इथल्या चहावाल्यालाही ठाऊक आहे.

"मग नळीत फुंकलं कोणी, दादा?"

"ठेकेदारानं नवे पोट्टे आणले होते, बाहेरगावचे. महिनाही झाला नव्हता त्याईले." हरिदासनं दम खाल्ला. "मी खोकलत होतो. मुकादम म्हणे, तीन दिवस येऊ नको, डॉक्टर येऊन राहिले. चौथ्या दिवशी गेलो, तं रजिस्टरात माह्यं नावच नाही."

इतकी वर्षं तो एवढंच सांगत आला होता की काम सुटलं.

बाईंनी सहा पानं फाडली आणि एकच पान लिहिलं. छेरछेराच्या दिवशी शंभर टक्के हजेरी कशी? तपासलेल्यांपैकी किती जण मिलमध्ये वर्षभर तरी होते? खोकणारे कुठे होते?

फॉर्मच्या तळाशी एक चौकट होती: या विषयाशी तुमचा काही वैयक्तिक संबंध आहे का? 'नाही' म्हटलं असतं तर कुत्रं विचारत नव्हतं. 'आहे' म्हटलं तर कागद दुसऱ्या कुणाकडे जाणार, ज्याला छेरछेरा खातात की पितात ते माहीत नाही. दोन दिवस बाई त्या चौकटीवर चरफडल्या. बारा वर्षं ज्यांना खोट्या फॉर्मवरून झोडपलं, ती सगळी पोरं समोर रांगेत उभी राहिली. शेवटी त्यांनी लिहिलं: आहे. माझा भाऊ तिथे होता आणि तो आजारी आहे. मला बाजूला ठेवायचं तर ठेवा, पण हे प्रश्न तेवढे विचारा.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. प्रामाणिकपणाबद्दल आभार, कागद दुसऱ्या तज्ज्ञाकडे देत आहोत.

नोव्हेंबरमध्ये निबंध छापून आला. चारशे बारा तसेच, गुढियारी तशीच, शिफारस तशीच. फक्त तारखा गेल्या होत्या. 'वीस ते बावीस जानेवारी'च्या जागी आता होतं, 'हिवाळ्यात'. म्हणजे बाईंचा प्रश्न पोचला होता. निबंध लिहिणाऱ्यांना तो कळलाही होता.

डिसेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी हरिदास शिबिरातून हात हलवत परत आला. दाराला कुलूप होतं आणि कुलपावर चिकटवलेली चिठ्ठी.

त्याच दुपारी बाई संपादकाला जाहीर पत्र लिहायला बसल्या, या वेळी स्वतःचं नाव घालून. निबंधाची पहिली, तारखा असलेली प्रत त्यांच्यापाशी होती. ती बाहेर काढायची नसते, असा नियम आहे. बाईंनी ती टाचणी मारून पत्राला जोडली.

"तुझं नाव नाही घालत," त्या भावाला म्हणाल्या. "नुसतं 'एक कामगार' म्हणते."

"काहून?" हरिदासला एकदम धाप लागली, पण तो थांबला नाही. "एक डाव काढलं माह्यं नाव, आता तू काढून राहिली? पूर्ण टाक. बापाच्या नावासकट."

बाईंनी आधी लिहिलेली ओळ खोडली आणि पत्राच्या अगदी वर लिहिलं: हरिदास गंगाधर उमाळकर, भट्टी, एकोणीस वर्षं. एकवीस जानेवारी, छेरछेरा: गैरहजर.